वाचक विचारतात : सुटे भाग कशात यावेत, कशात ठेवावेत

विमानं, रणगाडे यांच्या लहान प्रतिकृतींच्या किटमध्ये नसलेले, वेगळे विकत घ्यायचे भाग म्हणजे रेझिनची कॉकपिटं, फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या पत्र्याच्या) जाळ्या, डिकल (पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं), धातूच्या तोफनळ्या. या वेळच्या पत्रांत त्यांच्या पॅकिंगविषयी इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवून हे सगळे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : एकाच विमानाचं रेझिन कॉकपिट एक कंपनी झिप पिशवीत देते, दुसरी प्लास्टिकच्या ब्लिस्टरमध्ये (फुगीर, कडक कवचात), तिसरी छोट्या खोक्यात. पॅकिंग बघून निवड करावी का?

करावी, पण खोक्याच्या दिमाखावर जाऊ नका. दोन गोष्टी बघा : भाग आत हलतो का, आणि तो कशाला टेकलेला आहे. खोक्यावरचं रंगीत चित्र भागाचं रक्षण करत नाही.

झिप पिशवीत सगळे तुकडे एकत्र टाकलेले असतील तर ते पॅकिंग सगळ्यात वाईट. ओतीव रेझिन बहुधा पॉलियुरेथेनचं असतं आणि पातळ जागी ते ठिसूळ असतं. १/७२ मधली, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीतली, कंट्रोल स्टिक अर्धा मिलिमीटर जाडीचीही नसते. तिच्या शेजारी कास्टिंग ब्लॉकसकट (ओतताना भागाला जोडून राहिलेल्या ठोकळ्यासकट) आलेली सीट असली की प्रवासभर तो ठोकळा त्या काडीवर आपटत राहतो. म्हणजे पोस्टमनला शिव्या घालायच्या आधी पिशवीत शेजारी कोण होतं ते बघा.

हीच पिशवी गरम पट्टीने सील करून तिचे चार-पाच कप्पे केलेले असतील आणि प्रत्येक ब्लॉक आपापल्या कप्प्यात असेल, तर लहान भागांसाठी याहून चांगलं पॅकिंग शोधायची गरज नाही. जागा कमी लागते, आत काय आहे ते दिसतं आणि एक कप्पा कापला तरी बाकीचे बंद राहतात.

ब्लिस्टर दाबाला चांगला टिकतो. पण एकाच मापाचा ब्लिस्टर सगळ्या मालाला वापरला की छोटा भाग आत खुळखुळतो, आणि तो हलू नये म्हणून फोमचा तुकडा घालतात. त्या फोमची वेगळी कथा आहे, ती पुढे येईलच. शिवाय ब्लिस्टर कार्डावर चिकटवलेला असला तर उघडताना कार्ड फाटतं आणि भागाचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो. खोकं शोभतं ते मोठ्या मालाला, म्हणजे १/३२ चं इंजिन किंवा १/३५ च्या रणगाड्याचा अंतर्भाग. तिथेही आतल्या पिशव्या घट्ट बसलेल्या हव्यात. खोकं कानाजवळ धरून हलकेच हलवा. आवाज आला तर पॅकिंग अर्धवट आहे.

हेडर कार्ड (पिशवीच्या तोंडावरचं दुमडलेलं कार्ड) स्टेपल केलेलं असेल तर पिन खेचून काढू नका. मागून तिचे पाय सरळ करा आणि मग उचला. पिन कधी कधी आतल्या माहितीपत्रकातून, आणि नशीब फुटकं असेल तर डिकलमधूनही गेलेली असते.

प्रश्न : फोटो-एचची जाळी पाकिटातूनच वाकून आली. असं का होतं आणि ती सरळ होईल का?

फोटो-एचचा पत्रा साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाड असतो, बहुतेक वेळा पितळी, क्वचित निकेल सिल्व्हर किंवा स्टेनलेस स्टीलचा. पितळ वाकलं की वाकलेलंच राहतं. पाकिटात मागे पुठ्ठा नसणं हे पहिलं कारण. दुसरं जास्त चकवणारं : पुठ्ठा असतो, पण तो जाळीच्या बरोबर मापाचा किंवा तिच्याहून लहान असतो. मग जाळीचा कोपरा बाहेर डोकावतो आणि पहिला धक्का त्यालाच बसतो. पुठ्ठा चारही बाजूंनी निदान ३ मिलिमीटर मोठा हवा, ३०० जीएसएमचा किंवा त्याहून जाड. टपालाच्या लिफाफ्यात पाठवायची असेल तर पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे हवेत, आणि एकाच्या पन्हळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. दोन्हींच्या एकाच दिशेने ठेवल्या की पाकीट त्या रेघेवर वहीसारखं मिटतं. पत्रं वर्गवारी करणारी यंत्रं लिफाफा पट्ट्यांमध्ये पकडून वळणावळणाने नेतात. ‘वाकवू नये’ हा शिक्का त्या यंत्राला वाचता येत नाही.

चिकटपट्टीचाही त्रास होतो. जाळी हलू नये म्हणून कुणी दुहेरी चिकटपट्टी थेट भागांखाली लावतं, आणि सोडवताना पातळ भाग पट्टीबरोबर वर येऊन वाकतो. पट्टी लावायची ती फक्त बाहेरच्या चौकटीला, तीही कमी चिकट मास्किंग टेप. तुमच्या जाळीला अशी पट्टी आली असेल तर उपटू नका. इसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेने सोडा, मिनिटभर थांबा, मग पट्टी उलटी दुमडून जाळीला समांतर ओढा. छापील रंग असलेल्या जाळीवर, म्हणजे एडुआर्डच्या रंगीत पॅनेलांसारख्या मालावर, अल्कोहोल वापरू नका. रंग निघेल.

सरळ करायचं तर जाळी जाड काचेवर ठेवा आणि गुळगुळीत पोलादी सळई किंवा ड्रिलच्या पात्याचा दांडा हलक्या हाताने तिच्यावरून फिरवा. सुरुवात न वाकलेल्या बाजूकडून करा, दोन फेऱ्या झाल्या की जाळी उलटी करा. खाली रबरी मॅट नको. मऊ पृष्ठभागावर सळई फिरवली की पत्रा गोल होतो. गोल भाग करायचे असतात तेव्हा हीच युक्ती मुद्दाम वापरतात. चौकटीला पीळ बसला असेल तर सबंध जाळी सरळ करायच्या नादी लागू नका. भाग कापून मोकळे करा आणि एकेक सपाट करा, नाहीतर पिळलेली चौकट त्यांना पुन्हा ओढत राहते. ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवलं की पितळ मऊ पडतं, पण ते फेंडरच्या गोलाईसारख्या भागांपुरतंच ठेवा. सपाट राहायला हवी अशी पट्टी तापवली तर तिचा ताठपणा जातो आणि पुढे हात लागला तरी ती वाकते.

प्रश्न : जुन्या किटमध्ये रबरी टायर ज्या प्लास्टिकच्या चाकांना टेकले होते, तिथे प्लास्टिक वितळलं आहे. उष्णतेमुळे?

उष्णतेने वेग वाढतो, पण मूळ दोष टायरचा. ते ‘रबर’ बहुधा मऊ पीव्हीसी असतं. त्याला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आत पक्का बांधलेला नसतो. तो हळूहळू पाझरतो, किटच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे पॉलिस्टायरीनमध्ये शिरतो आणि ते चिकट होऊन विरघळल्यासारखं दिसतं. म्हणून टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत आले नसतील तर किट घरी येताच ते वेगळे करा, मग ते किट आणखी दहा वर्षं बांधायचं नसलं तरी. बांधताना चाक आणि टायर यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी ठेवता येते. नाहीतर सरळ रेझिनची चाकं घ्यावीत. वजनाने थोडा पिचकलेला टायर त्यांच्यात आधीच ओतलेला मिळतो, हा वर फायदा.

मऊ, काचेसारख्या पारदर्शक पीव्हीसी पाकिटांनाही हेच लागू. असं पाकीट डिकलला चिकटतं आणि लेझर प्रिंटरवर छापलेल्या माहितीपत्रकाची शाई स्वतःवर उतरवून घेतं. पीव्हीसी जुनं होताना त्यातून आम्लही सुटतं आणि पितळेवर हिरवा कळंक चढतो. पाकीट कशाचं आहे ते त्यावरच्या त्रिकोणातल्या आकड्यावरून कळतं : ३ म्हणजे पीव्हीसी, २ आणि ४ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, १ पीईटी. आकडा नसेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, तिने पाकिटाचा कोपरा शिवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे खिडकी उघडी ठेवून करा, धूर अंगावर घेऊ नका.

आता फोम. ब्लिस्टरमधला मऊ स्पंज बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. दमटपणाने काही वर्षांत तो पिवळा पडतो, मग त्याचा चिकट भुगा होतो आणि रेझिनच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. माल लगेच वापरणार असाल तर राहू द्या. साठ्यात जाणार असेल तर फोम काढून त्या जागी चुरगाळलेला टिश्यू पेपर घाला. करड्या किंवा पांढऱ्या बंद छिद्रांचा पॉलिथिन फोम असेल तर काढायची गरज नाही.

प्रश्न : डिकल पिवळी न पडता किती काळ आणि कशी ठेवता येतात?

काळ सांगता येत नाही, तो कागद, वार्निश आणि साठवण यांवर ठरतो. कशी ठेवायची ते सांगता येतं : सपाट, अंधारात, कोरडी. छापील बाजूवर बटर पेपर, मागे पुठ्ठा, आणि हे सगळं पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत. गुंडाळी करू नका, घडी तर नाहीच. लहान पाकिटात बसावी म्हणून शीट मध्ये दुमडणारे उत्पादक अजून आहेत. घडीवर आलेलं चिन्ह पाण्यात टाकताच तिथे भेगलतं. दोन शीट तोंडाला तोंड लावून ठेवू नका, कारण हवेतल्या दमटपणानेही डिकलचा गोंद जागा होतो. पिशव्यांच्या डब्यात दोन-तीन ग्रॅमची सिलिका जेलची पुडी पुरते. फार जेल घातलं तर कागद अतिकोरडा होऊन वळतो.

पिवळी पडलेली शीट झिप पिशवीत घालून, छापील बाजू उन्हाकडे करून खिडकीच्या काचेला आतून लावतात. काही दिवसांत पारदर्शक फिल्मचा पिवळेपणा उतरतो. रोज बघत राहा, कारण लाल रंगही त्याच उन्हात उतरतो. जुनी शीट वापरण्याआधी नको असलेलं एखादं बारीक अक्षर कोमट पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर सबंध शीटवर लिक्विड डिकल फिल्मचा (वाळून पारदर्शक थर होणाऱ्या द्रवाचा) पातळ हात द्या. त्यानंतर प्रत्येक चिन्ह कडेने कापावं लागेल, कारण आता सगळी शीट एकच फिल्म झालेली असते.

क्विंटा स्टुडिओसारख्या कंपन्यांची उठावदार कॉकपिट पॅनेलं डिकल कागदावर छापलेली असली तरी ती डिकलसारखी हाताळू नयेत. कागद वाकला की वरचा रेझिनचा थर वाकत नाही, तो कागदावरून सुटून पिशवीत पडतो. अशी शीट ताठ पुठ्ठ्यासकटच उचला आणि तिच्यावर दुसरं काही रचू नका.

प्रश्न : थ्रीडी प्रिंट केलेले भाग सपोर्टसकट (छपाईत भाग धरून ठेवणाऱ्या काड्यांसकट) येतात. साठवण्याआधी सपोर्ट कापून टाकावेत का?

नाही. तो पिंजराच त्यांचं खरं पॅकिंग आहे. शहाणे उत्पादक भागाभोवती उंच चौकटही छापतात, म्हणजे पाकीट दाबलं तरी दाब चौकटीवर जातो. खालचा तळ खोक्याला दुहेरी पट्टीने चिकटवलेला असेल तरी हरकत नाही, तो शेवटी कचऱ्यातच जायचा. कापायची वेळ आली की सगळा तुकडा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा, थोडा लवचिक होईल. बाहेरचे सपोर्ट आधी तळाशी कापा, मग भागापासून मिलिमीटरभर सोडून पातळ कटरने कापा आणि उरलेले खुंट घासून काढा. थेट मुळाशी कटर लावला की खुंटाबरोबर भागाचाही टवका जातो.

हे रेझिन प्रकाशाने कडक होतं आणि घट्ट झाल्यावरही प्रकाशाने पिवळं, ठिसूळ होत राहतं. पारदर्शक पाकीट दुकानात बरं दिसतं, घरी ते अपारदर्शक डब्यात टाका. भाग हाताला चिकट लागला तर धुणं किंवा क्युअरिंग (प्रकाशाने कडक करणं) अर्धवट राहिलं आहे. नायट्राइलचे हातमोजे घालून तो इसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग काही मिनिटं यूव्ही दिव्याखाली ठेवा. तोवर तो किटच्या प्लास्टिकवर ठेवू नका.

प्रश्न : धातूच्या जुन्या भागांवर पांढरी पूड आली आहे. पॅकिंग खराब होतं का?

भाग व्हाइट मेटलचे (सहज वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूचे) असतील आणि त्यात शिसं असेल तर पॅकिंगपेक्षा कपाटावर संशय घ्या. ओक, प्लायवूड, एमडीएफ यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, तिने शिसं कुजतं आणि पांढरं लेड कार्बोनेट तयार होतं. ती पूड विषारी आहे. फुंकू नका, कोरडी घासू नका, हातमोजे घाला. भाग लाकडी कपाटातून काढून प्लास्टिकच्या किंवा धातूच्या डब्यात ठेवा. खोल खड्डे पडलेला भाग वाचत नाही. शिसं नसलेल्या प्यूटरला (कथिलाच्या मिश्रधातूला) ही बाधा होत नाही. लेथवर कातलेल्या पितळी नळ्या मात्र कडक नळीतच ठेवाव्यात, आलेल्या पिशवीत काडीएवढी नळी मोकळी असेल तर शीतपेयाच्या स्ट्रॉचा तुकडा दोन्ही टोकांना सील करूनही चालतो.

प्रश्न : मी रेझिनचे भाग थोड्या संख्येने ओतून विकतो. पॅकिंग कमी खर्चात पण भरवशाचं कसं करावं?

पॅकिंगची सुरुवात साचा बनवतानाच होते. नाजूक भाग असलेल्या ब्लॉकच्या दोन कडांना भागापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच भिंती ओता. थोडं रेझिन जास्त जाईल, पण तुटक्या मालाच्या बदली पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लांब काड्या, अँटेना, पातळ तोफनळ्या रेझिनमध्ये देऊच नका. त्याऐवजी पितळी तार आणि तिच्या मापाचं भोक द्या.

माल साच्यातून निघाला की लगेच सील करू नका. पूर्ण ताकद यायला त्याला निदान एक दिवस लागतो, आणि अर्धकच्चा भाग पिशवीच्या ताणाने वाकतो. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन रिलीज एजंट (साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला थर) काढा आणि पूर्ण वाळवा. ओला भाग सील केला की पिशवीला आतून दव धरतं आणि शेजारच्या फोटो-एचवर डाग पडतात.

पिशवी ५० मायक्रॉनच्या आसपासची पॉलिथिन घ्या. त्याहून पातळ पिशवी ब्लॉकच्या कोपऱ्याने फाटते. कप्प्याचं माप असं ठेवा की भाग कुशीवर वळू नये, पण पिशवी ताणलेलीही नको. व्हॅक्यूम करू नका, हवा काढताना पिशवी काड्यांवर आवळते. थोडी हवा राहू द्या आणि टाचणीने एक भोक पाडा, नाहीतर विमानाने गेलेली पिशवी फुगून सीलवर उलते. एका कप्प्यात जड आणि नाजूक एकत्र नको. फोटो-एच पुठ्ठ्यासकट वेगळ्या पिशवीत, पारदर्शक कॅनोपी (कॉकपिटवरचं झाकण) टिश्यूत गुंडाळून वेगळी. तिच्यावरचा ओरखडा हा ग्राहकाच्या पहिल्या तक्रारींपैकी असतो.

लेबलवर स्केल, कुठल्या किटसाठी, तुकड्यांची संख्या आणि माहितीपत्रकाची आवृत्ती लिहा. तुकड्यांची संख्या विसरू नका, तिच्याशिवाय ‘एक भाग आलाच नाही’ या पत्राला उत्तर देता येत नाही. प्रत्येक ब्लॉकवर क्रमांक ओतलेला असला तर आणखी उत्तम. बारीक तुकडे, लीव्हर वगैरे, एक-दोन जास्तीचे टाका.

बाहेर तीन थरांच्या पन्हळी पुठ्ठ्याचं खोकं, आत कागदाचा भराव. बबल रॅप थेट रेझिनवर नको. बुडबुडे नेमके उंच काडीवर दाब देतात, आणि घट्ट गुंडाळलेलं पार्सल तापलेल्या गाडीत राहिलं तर भाग त्याच आकारात वाकतो. (असा वाकलेला पंख ग्राहकाला ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर ठेवून, काचेवर सपाट दाबून, गार पाण्यात बुडवून सरळ करता येतो. ही सूचना माहितीपत्रकात छापा.) नवीन मालाचं पहिलं पार्सल पाठवण्याआधी रद्दीतले भाग तसेच भरा आणि खोकं मीटरभर उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट पाडा. उघडून बघा. काय तुटलं त्यावरून कुठला कप्पा मोठा झाला ते लगेच कळतं.

प्रश्न : साठा वाढला आहे. मूळ पाकिटं फोडून सगळं एकसारख्या डब्यांत लावावं का?

सील कप्पे फोडू नका. ब्लिस्टर आणि मोठी खोकी फोडायला हरकत नाही, त्यांत निम्मी जागा हवेची असते. फोडण्याआधी आतल्या सगळ्या मालाचा एकत्र फोटो काढा, तुकडे माहितीपत्रकाशी ताडून घ्या आणि काही कमी असेल तर विक्रेत्याला आत्ताच कळवा. पाच वर्षांनी कुणी ऐकत नाही. मग ए५ मापाच्या पॉलिप्रॉपिलीन पिशव्यांच्या फाइली करा. आधी स्केलप्रमाणे लावा, त्यात वाहनाप्रमाणे. उत्पादकाप्रमाणे लावलं की १/४८ च्या एकाच विमानाची चाकं, सीट आणि डिकल तीन फाइलींत जातात आणि किट उघडल्यावर एकही सापडत नाही. कार्डावरचा क्रमांक कापून पिशवीच्या आत ठेवा, बाहेर चिकटवू नका. बाहेरचं लेबल उष्णतेने सुटतं आणि शेजारच्या पिशवीला चिकटतं. मास्कच्या (रंगवताना भाग झाकायच्या कापीव चिकट तुकड्यांच्या) शीट फाइलीत सगळ्यात मागे, सपाट आणि मूळ पाठीच्या कागदासकट ठेवा.